सत्यजीतच्या सहीखाली

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ही डायरी आभाने माझ्या हातात ठेवली. औषध कंपनीच्या माणसाने जानेवारीत दिलेली, तेव्हापासून कोरीच पडली होती. म्हणाली, "तू बोलत नाहीस, नुसता धुमसत राहतोस. लिहून तरी काढ, बीपी खाली येईल." नवरा डॉक्टर आणि बीपीचा सल्ला बायको देणार. आमच्या घरात हल्ली असंच चालतं.

तर लिहितो. मी डॉ. स्वानंद, बीएचएमएस. दवाखाना उलव्यात, घर पनवेलला. माझी बायको आभा इथल्याच एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूची सिस्टर होती. 'होती' म्हणायचं, कारण कालपासून ती 'नर्स प्रॅक्टिशनर' आहे. त्यासाठी तिने दोन वर्षं एमएस्सी केलं. त्या दोन वर्षांत घरचा स्वयंपाक मी केला, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे त्याची नोंद नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर तिच्या नव्या कोटातल्या फोटोवर अंगठ्यांचा पाऊस पडला. मी उलव्यात दवाखाना उघडला तेव्हा याच ग्रुपवर एकाने विचारलं होतं, घरीही पेशंट बघणार का, पार्किंगमध्ये त्यांच्या गाड्या येणार का. शेजारच्या काकू आज म्हणाल्या, "म्हणजे आभा आता डॉक्टरच झाली की." मी म्हटलं, नर्सच आहे, जरा जास्त शिकलेली. आभा मागेच उभी होती.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज तिची फाइल चाळली. टेबलावर पडली होती, लपवलेली नव्हती.

कायद्याने नर्सला स्वतःच्या नावावर औषध लिहिता येत नाही, नर्स प्रॅक्टिशनर झाली तरी नाही. म्हणून ही पळवाट. पेशंटची अमुक अवस्था झाली तर तमुक औषध, अमुक मर्यादेपर्यंत, असं डॉक्टरने आधीच लिहून खाली सही करून ठेवायची. याला स्थायी सूचना म्हणतात. त्या चौकटीत तिने आपल्या अकलेने चालायचं. चौकटीबाहेर जायची वेळ आली की डॉक्टरला फोन लावायचा. तो तोंडी सांगणार, ही ते दुसऱ्या सिस्टरसमोर परत म्हणून दाखवणार, मग तो येऊन सही करणार.

तो म्हणजे डॉ. सत्यजीत, आयसीयूचा प्रमुख. पानोपानी त्याचीच सही, लांब शेपटीची. माझ्या बायकोने काय करावं आणि काय करू नये हे एका परक्या माणसाने पानापानावर सही करून ठरवलंय. लग्नाच्या रजिस्टरात माझी सही एकच आहे.

"एवढ्या सह्या?" मी विचारलं.

"दर वर्षी परत घ्याव्या लागतात," ती म्हणाली.

"म्हणजे दर वर्षी लग्न."

ती हसली. मी विनोद केला नव्हता.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आभा मागे काही रविवार माझ्या दवाखान्यात बसून बायकांची शुगर, बीपी बघायची. आज एक बाई आली, आत डोकावली आणि परत फिरली. आमच्या भामाबाईंनी, म्हणजे दवाखाना झाडून नंबर लावणाऱ्या बाईंनी, तिला थांबवलं तर म्हणाली, "मॅडम नाय का? मग आमी रविवारी येतो." मी खुर्चीत बसलेलो तिला दिसत होतो.

भामाबाई म्हणाल्या, "मॅडम बसून समजावतात ना डॉक्टर. तुमी लगेच लिहायला घेता." मी म्हटलं, माझं कामच लिहायचं आहे.

दुपारी शेजारच्या मेडिकलवाल्या कमरुद्दीनभाईंकडे जाऊन मोकळा झालो. म्हटलं, हे नर्स प्रॅक्टिशनरचं खूळ धोक्याचं आहे. ज्याला जो अधिकार दिला त्याने तेवढंच करावं. उद्या या ॲन्टिबायोटिक लिहायला लागल्या तर कोण जबाबदार?

कमरुद्दीनभाई पट्टी कापत होते. "डॉक्टरसाब, तुमच्या कालच्या चिठ्ठीवर दोन ॲन्टिबायोटिक होते. आणि तुम्ही तर साबुदाण्याच्या गोळ्यांचे डॉक्टर."

त्यांना समजावून सांगितलं की होमिओपॅथांनी तो एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स केला की लिहिता यावं अशी तरतूद आहे, फक्त ते भिजत घोंगडं अजून कोर्टात आहे. माझं प्रकरण वेगळं. ते न्यायप्रविष्ट आहे.

"हां, बरोबर," ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

लग्नाचा वाढदिवस. आभाने सुट्टी घेतली. मी सकाळी उरण नाक्यावरून जिताडं आणलं, स्वतः निवडून, कल्ले बघून. कालवण असं जमलं होतं की वास जिन्यापर्यंत. दुपारी पानं वाढली, तिने पहिला घास घेतला आणि फोन वाजला.

सत्यजीत.

ती गॅलरीत गेली. काच लावली. मी आतून बघत होतो. मध्येच ती हसली. आयसीयूत हसण्यासारखं काय असतं, हे मला कोणी सांगावं. परत आली तोवर कालवणावर साय धरली होती. म्हणाली, "सोमवारी सकाळी सर वाशीच्या हॉस्पिटलला आहेत. काही लागलं तर फोनवरच गाठायचं, तेवढं ठरवत होतो." ठरवत होतो. आम्ही दोघं मिळून गेल्या वर्षभरात पडद्यांचा रंग ठरवू शकलो नाही.

खरं ते लिहितो, इथे कोण बघतंय. मी जळतो. तिच्यावर जळतो की त्याच्यावर, ते मला नीट सांगता येत नाही. तिला मान मिळतो तो मला मिळायला हवा होता असं वाटतं, आणि तिचं लक्ष मिळतं ते त्याला मिळू नये असं वाटतं. पोटात दुखतंय म्हणतात ते अगदी शब्दशः दुखतं, बरगडीखाली, डाव्या बाजूला.

जेवण झाल्यावर ती आडवी झाली. फोन टेबलावर होता. त्याचा पासवर्ड आमच्या लग्नाची तारीख आहे, त्यामुळे याला चोरून बघणं म्हणता येणार नाही. मी काही वाचलं नाही. फक्त सत्यजीतचा नंबर ब्लॉक केला. एक रविवार तरी घर घराचं राहू दे. उद्या काढून टाकीन.

रविवार, १६ नोव्हेंबर

किती छान दिवस. फोन वाजलाच नाही. दुपारी गाडी काढून नेऱ्याकडे गेलो. भातं कापून झालीत, डोंगर स्वच्छ दिसत होते. येताना आभा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. किती दिवसांनी. घरी येऊन खिचडी खाल्ली आणि मेल्यासारखे झोपलो.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दवाखान्यात भरपूर गर्दी. बांधकामावरचे निम्मे मजूर खोकतायत.

आभा उशिरा आली. जेवली नाही. सोफ्यावर फोन हातात घेऊन काहीतरी बघत बसली होती. मग माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, काय गं? म्हणाली, "काही नाही. तुला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, मला काय सांगायचंय, दमलोय.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काल काय झालं ते आज कळलं. आयसीयूत एक आजी आहेत, अंगात जंतुसंसर्ग भिनलेला, रक्तदाब सारखा खाली. तो वर ठेवणारं औषध सलाइनमधून चालू होतं. सूचनेत त्याची मर्यादा लिहिलेली. काल सकाळी आभा त्या मर्यादेला पोचली आणि आजींचा दाब तरी पडतच राहिला. तिथला निवासी डॉक्टर खाली होता, एक्स्प्रेसवेवरचा अपघात आला होता. तिने सत्यजीतला फोन लावला. तो म्हणाला, हात अडकलेत, दोन मिनिटांत करतो. मग त्याचा फोन आला नाही. तिने परत लावला, तर त्याचा फोन बिझी. आजी हातातून निसटायला लागल्या. तिने औषध मर्यादेच्या वर नेलं.

आजी वाचल्या. आता बोलतात म्हणे, चहा मागतात.

पण कागदावर काय दिसतं, तर नर्सने डॉक्टरच्या हुकमाशिवाय डोस वाढवला. आणि सत्यजीत म्हणतो, मी लगेच फोन केला, तीनदा केला, तिने घेतला नाही. त्याच्या फोनमध्ये तशी नोंद आहे. आभा म्हणते, आला नाही. वॉर्डातला साधा फोन वाजला असेल तर माहीत नाही, सगळे त्या खाटेपाशी होते.

दोघांपैकी एकजण खोटं बोलतंय. आणि आभा खोटं बोलत नाही, हे मी छातीठोक सांगू शकतो. तेव्हा झालाच ना उघडा, लांब शेपटीच्या सहीचा माणूस. स्वतःची कातडी वाचवायला तिला पुढे केलं. मी तिला तसं सांगितलं. वाईट वाटल्यासारखं तोंड केलं, पण आत हलकं वाटत होतं. सुंठीवाचून खोकला गेला.

ती म्हणाली, "सर खोटं बोलत नाहीत, स्वानंद."

अजूनही सर.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

हॉस्पिटलात चौकशी समिती बसली. नर्सिंग सुपरिंटेंडेंट नूरुन्निसा मॅडम अध्यक्ष. आभाविरुद्ध निकाल गेला तर तिचं नर्स प्रॅक्टिशनरचं पद जाणार आणि प्रकरण नर्सिंग कौन्सिलकडे जाणार. तिथे नोंदणीच रद्द झाली तर साधी नर्स म्हणूनही कुठे काम मिळायचं नाही. एवढ्यापर्यंत जाईल असं मला वाटलं नव्हतं.

समितीने तिला साधी गोष्ट मागितली. फोन दाखवा, कॉल आला की नाही ते बघू. तिने नकार दिला. म्हणाली, माझा खाजगी फोन मी दाखवणार नाही.

हे तिनेच मला घरी येऊन सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे अशी बघत होती की जणू उत्तर मी द्यायचंय. मी विचारलं, का नाही दाखवत? ती पर्स टांगायला आत गेली. एवढी नोकरी पणाला लागली आणि फोन दाखवत नाही, म्हणजे त्यात काय आहे? त्याचे मेसेज? आता कळतंय सगळं. भांडण वरवरचं आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

कमरुद्दीनभाईंना सगळं सांगितलं, मेसेजचा संशय सोडून. त्यांनी ऐकून घेतलं.

"दोघंही खरं बोलत असतील तर?" ते म्हणाले.

"कसं शक्य आहे?"

"माझी आफरीन मागे गुस्सा झाली होती, निकाहाच्या बोलण्यावरून. मी फोन लावतोय, लावतोय, माझ्याकडे रिंग गेल्याचं दिसतंय. तिच्याकडे काहीच नाही. बापाला ब्लॉक करून ठेवलेलं पोरीने." ते हसले. मग म्हणाले, "काय झालं डॉक्टरसाब? पाणी देऊ?"

मी दवाखान्यात येऊन बसलो. भामाबाईंना म्हटलं, पेशंट सोडू नका.

मी ते काढलंच नव्हतं. रविवारी नेऱ्याला गेलो, खिचडी खाल्ली आणि झोपलो.

घरी आलो. आभा गॅलरीत कपडे वाळत घालत होती, फोन टेबलावर. दोनदा भलतंच बटण दाबलं. सत्यजीतचा नंबर यादीत तसाच होता. काढून टाकला. ती बादली घेऊन आत आली, फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला वाटलं हिला कळलं. पण तिने फक्त विचारलं, "चहा टाकू?"

आता कुणाला काही दिसणार नाही. ती फोन दाखवायला तयार झाली तरी काही सापडणार नाही. समिती काय, थोडी समज देईल आणि सोडून देईल. आजी तर जिवंत आहेत.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सोडलं नाही. आभाचं पद काढून घेतलं. सोमवारपासून ती परत साधी सिस्टर. फाइल सत्यजीतला परत करायची. कौन्सिलला कळवायचं की नाही ते गुरुवारच्या बैठकीत ठरेल. "फोन दाखवला नाही याचा अर्थ आम्हाला घ्यावा लागतो," असं नूरुन्निसा मॅडम म्हणाल्या म्हणे.

आभाने कोट कपाटात टांगला. रडली नाही. रडली असती तर मी सांगितलं असतं, असं मला आत्ता वाटतंय. महिन्याभरापूर्वी मला हेच हवं होतं ना? ती सिस्टर, मी डॉक्टर. हवं होतं. ते हातात आल्यावर मला जेवण जात नाही.

सोमवार, १ डिसेंबर

सत्यजीत दवाखान्यात आला.

पेशंटच्या बाकावर भामाबाईंकडून नंबर घेऊन बसला होता. मी त्याला पहिल्यांदाच जवळून पाहिलं. बुटका, पोट सुटलेला, हातात डब्याची पिशवी. याच्यावर मी एवढा जळलो.

"डॉक्टर, माफ करा, असा न कळवता आलो," तो म्हणाला. मला डॉक्टर म्हणाला. "आभा माझे फोन घेत नाही. तिला एवढं सांगाल? मी समितीपुढे जे घडलं ते सांगितलं, पण त्यामुळे ती खोटी ठरली. ती खोटं बोलणारी नाही. कुठेतरी काहीतरी चुकलंय आणि मला ते सापडत नाही. त्या सकाळी तिने औषध वाढवलं नसतं तर मी वाशीहून येईपर्यंत आजी गेल्या असत्या. मी असतो तर तेच केलं असतं."

मी मान हलवली.

"तुमच्याशी तरी बोलावं म्हटलं. ती नेहमी सांगते, शिकत असताना रोजचा डबा तुम्ही करून द्यायचात. आमच्या आयसीयूत सगळ्यांना माहीत आहे. माझी बायको मला त्यावरून टोमणे मारते."

बाहेर कोणीतरी खोकत होतं. मी म्हटलं, "तुमचा नंबर मी ब्लॉक केला होता. तिच्या फोनवर. शनिवारी. नंतर काढायला विसरलो."

त्याने पिशवी खाली ठेवली. "का?"

"जिताडं गार झालं," मी म्हटलं.

तो उठला. पिशवी उचलली. "तिला सांगितलंत?"

"नाही."

"आधी तिला सांगा," तो म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

मंगळवार, २ डिसेंबर

काल संध्याकाळीच सांगितलं. ती लसूण सोलत होती. सोलतच राहिली.

"माहीत आहे मला," म्हणाली. "त्याच सोमवारी बघितलं. सर एवढं ठासून सांगतायत म्हटल्यावर पहिलं तेच बघितलं. माझ्या फोनला तुझ्याशिवाय कोण हात लावतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं ना तुला. काही सांगायचंय का म्हणून. मग वाटलं, उद्या सांगेल. समितीनंतर सांगेल. यादीतला नंबर मी तसाच ठेवला होता, तुला सापडावा म्हणून. त्या दिवशी कपडे वाळत घालताना काचेतून बघितलं तुला फोन उचलताना. म्हटलं, आता आत गेले की सांगणार." तिने सालं गोळा केली. "तू काढून टाकलास."

मी म्हटलं, तू समितीला तरी सांगायचंस. तुझी काही चूक नव्हती.

तेव्हा मात्र तिचा आवाज चढला. "काय सांगू? नवरा फोन बघतो, नवऱ्याने बंद केला? हॉस्पिटलात मी पहिली आहे, स्वानंद. माझ्यामागून दोघीजणी हाच कोर्स करतायत. उद्या त्यांना मुलाखतीत पहिला प्रश्न हाच विचारतील, घरी कोणाला चालत नाही का, फोनला हात कोण लावतं. सत्यजीत सरांना कधी कोणी विचारलंय? मी चुकले असं लिहिलं तर एकटी मी जाईन. तुझं नाव सांगितलं असतं तर सगळ्याच गेल्या असत्या."

मला वाटत होतं ती त्याला वाचवतेय. ती त्या दोघींना वाचवत होती. मला वाचवण्याचा तर विषयच नव्हता.

मी म्हटलं, गुरुवारी मी जातो.

"जा," ती म्हणाली. "पण माझ्यावरचं प्रेम वगैरे तिथे सांगू नकोस. काय केलंस तेवढं सांग."

गुरुवार, ४ डिसेंबर

सांगितलं. नूरुन्निसा मॅडमनी चष्मा काढून विचारलं, "आप खुद डॉक्टर आहात ना?" मी म्हटलं, होमिओपॅथ. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द मी खालच्या आवाजात उच्चारला.

त्यांनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं हा कॉल कशासाठी येतो?" हो म्हटलं. सत्यजीत समोर बसला होता, टेबलाकडे बघत. आभा माझ्याकडे बघत होती, पण पेशंटकडे बघावं तशी.

निकाल लगेच झाला. आभाचं पद परत. कौन्सिलला काही जाणार नाही. हुकमाशिवाय मर्यादा ओलांडली याची समज मात्र तिला मिळाली, कारण ते तर घडलंच होतं. तिने ती निमूट घेतली. आणि नवा नियम केला. आयसीयूसाठी हॉस्पिटलचाच वेगळा फोन, तो ड्युटीवरच्या माणसाकडे राहणार, घरी न्यायचा नाही. खाजगी फोनवर कुणी कुणाला कामाचं विचारायचं नाही, डॉक्टरांनीसुद्धा. कारण काय ते नियमात लिहिलेलं नाही. चांगला नियम आहे. आधीच असायला हवा होता.

रविवार, १४ डिसेंबर

सत्यजीतने सगळ्या पानांवर पुन्हा सह्या केल्या. फाइल आता हॉस्पिटलातच असते. आभा कामाबद्दल घरी काही बोलत नाही. त्या आजी घरी गेल्या, हे मला कमरुद्दीनभाईंकडून कळलं, त्यांच्या ओळखीतल्या निघाल्या.

डायरी लिहितोस का, असं आभाने आज विचारलं नाही. या महिन्यात एकदाही विचारलेलं नाही.

दुपारी दोघं जेवायला बसलो. फोन वाजला नाही, आता वाजतच नाही. जेवण संपेपर्यंत कालवण गरम होतं. मी म्हटलं, नेऱ्याला जाऊन येऊ या का. म्हणाली, नको, झोपते जरा. मग तिने विचारलं, भात वाढू का. मी हो म्हटलं.